रविवारी ती कुठे जायची

एर्लांगेनला पीएचडी करत असताना मी एका चिनी मुलीबरोबर फ्लॅट वाटून राहत होते. ती जर्मनीत आली तेव्हा तिच्या ओळखीचं इथे कुणी नव्हतं. तिला स्टेशनवर घ्यायला आले ते चिनी विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या एका मिशनचे लोक. त्यांनी तिच्या बॅगा उचलल्या, पत्ता नोंदवायला आनमेल्डुंगच्या ऑफिसात सोबत केली, एक जुना राइस कुकर दिला. मग शुक्रवारचं एकत्र जेवण सुरू झालं, मग बायबलचा वर्ग. दुसऱ्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला.

मला ते खटकलं. पुण्यात आमच्या घरी धर्मांतर हा शब्द नेहमी खालच्या आवाजात उच्चारला जायचा. मी एकदा जरा कुत्सितपणेच विचारलं, "राइस कुकरसाठी?"

ती चिडली नाही. "कुकर पहिल्या आठवड्यातच मिळाला. पुढे वर्षभर मी त्यांच्याशी वाद घालत होते. आमच्याकडे सगळं पुढच्या कशासाठी तरी करायचं असतं. परीक्षा नोकरीसाठी, नोकरी फ्लॅटसाठी. तुला भीती कसली वाटते, हे मला पहिल्यांदा त्यांनीच विचारलं."



त्या उन्हाळ्यात तिची आई तीन आठवड्यांसाठी आली. सरकारी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, कम्युनिस्ट पक्षाची सदस्य. ती यायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने आपलं बायबल माझ्या कपाटात आणून ठेवलं. "आईने विचारलं तर रविवारी मी लॅबमध्ये असते," ती म्हणाली. मी मान डोलावली.

तिच्या आईला मी मावशी म्हणायची. मावशींना जर्मन येत नव्हतं, इंग्रजीही नाही. रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून मोदकांसारखं काहीतरी वळायचो, सारण मात्र मांसाचं. मी फक्त कोबीचे करायची. मध्ये भाषांतर करणारा फोन उभा केलेला असायचा. तिसऱ्या रविवारी मावशींनी लाटणं बाजूला ठेवलं आणि फोनशी बोलल्या. फोन सपाट आवाजात मला म्हणाला, "माझी मुलगी रविवारी कुठे जाते?"

"लॅबमध्ये."

फोनने ते चिनीत सांगितलं. मावशी हसल्या. "लॅबमधून येते तेव्हा ती इतकी खूश नसते."

मग थांबून थांबून त्या बोलत राहिल्या. त्यांची आई खेड्यात दार लावून प्रार्थना करायची. नोकरीच्या फॉर्मवर मावशींनी लिहिलं होतं, घरात कुणी धार्मिक नाही. "मी लिहीत होते तेव्हा आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं."

मी म्हटलं, "मग मुलीला सांगा ना, तुम्हाला कळलंय म्हणून."

त्यांनी जोरात मान हलवली. "नाही. उद्या मला पक्षातून कुणी विचारलं, तर मला काही माहीत नाही असं म्हणता आलं पाहिजे. ती माझ्याशी बोलली की ते म्हणता येणार नाही. तूही सांगू नकोस."

मावशी परत गेल्या आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. एकच आलेख मी तीनतीनदा काढायची. संध्याकाळी सायकल घेऊन नदीकाठी जायची आणि अर्ध्या वाटेवरून उगाच वळायची. मैत्रीण रविवारी परतली की मी खोलीचं दार लावून घ्यायची. दोघींनी माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मला दोघींचाही राग येत होता.

हिवाळ्यात तिला तिच्याच प्रांतातल्या विद्यापीठात नोकरी लागली. सामान बांधताना ती म्हणाली, "आता आईशी जन्मभर खोटं बोलायचं." मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, शेंगांसकट.

ती घडी घातलेला स्वेटर हातात धरून उभी राहिली. "तिने तुला नको म्हणून सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. दोन आठवडे आमच्यात दूध आणि कचऱ्यापलीकडे बोलणं नव्हतं. मग एका दुपारी तिने आईला फोन लावला. भिंतीपलीकडून मला शब्द कळले नाहीत; पण तिचं बोलणं मध्येच तुटलं. आईने फोन ठेवला होता. आठ दिवसांनी आईचा फोन आला, तोही थंडी किती आहे हे विचारायला.

आता दोघी तिथे एकत्र राहतात. कुणी ऐकत असेल म्हणून फोनवर आम्ही देवाचं नाव काढत नाही. आठवड्यातून एकदा चार 'पाहुण्या' येतात, एवढंच ती सांगते. त्या यायच्या आधी मावशी भाजीला बाहेर पडतात आणि दोन तासांनी परततात.

"पायाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जिने चढवत नाहीत," ती मागच्या आठवड्यात म्हणाली. "तरी जाते."

मी विचारलं, "मी तुला सांगायला नको होतं का?"

"कधी कधी वाटतं, नको होतं," ती म्हणाली. मग तिने माझ्या नव्या नोकरीबद्दल विचारलं, आणि मी उंटरश्लाइसहाइम गावातल्या ऑफिसबद्दल भरभर काहीबाही बोलत राहिले.