सोमणबाईंनी जोड्या मोजल्या

सोमणबाई आज सकाळी गेल्या. त्यांना माझ्या आईला भेटायचं होतं आणि मी भेटू दिलं नाही.

त्यांच्या भाचीचा व्हॉट्सअ‍ॅप आला तेव्हा मी ब्रँचमध्ये होते. 'ओके' टाइप केलं. मग पुसलं. मग समोरच्या काकांचं पासबुक प्रिंट करून दिलं.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आधी आईची गोष्ट सांगते. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आई नऊ वर्षांची, परळच्या एका मुलींच्या शाळेत. वर्गाची सहल राणीच्या बागेत गेली. हत्ती झाला, माकडं झाली, मोर झाला. मगरीपाशी आई थांबली. ही जिवंत आहे की मेलेली, ते कळेपर्यंत हलायचं नाही, असं तिने ठरवलं.

मगरीने डोळा उघडला. आईने मागे वळून बघितलं, तर वर्ग गेलेला.

लालबागला दगडफेक सुरू झालीय, ट्रॅम बंद पडल्यात, अशी बातमी कुणीतरी आणली होती. वर्गाच्या सोमणबाई मुलींना घेऊन घाईघाईने चालत परळला निघाल्या. आई बागेतच राहिली. एका माळ्याने तिला गोरखचिंचेखाली बसवलं, आपल्या डब्यातली भाकरी दिली आणि रस्ता शांत झाल्यावर संध्याकाळी घरी आणून सोडलं.

"अख्खी राणीची बाग माझ्या एकटीची होती," आई सांगायची. "तुम्ही कितीदा पण जा, तशी नाही दिसायची."

दादा चिडवायचा, "मगरीला तरी कळलं का, कोण बघतंय ते?"

गेल्या नोव्हेंबरात बाई हयातीचा दाखला द्यायला माझ्या काउंटरवर आल्या. नव्वदीला टेकलेल्या, पण ताठ. फॉर्मवर नाव वाचलं आणि मी खुशीत येऊन म्हटलं, "बाई, माझी आई तुमच्या वर्गात होती. कमल. राणीच्या बागेत हरवलेली."

बाईंचं पेन थांबलं.

"कमल. आहे ती?"

"आहे ना. नायगावला, आमच्याकडेच."

"ती हरवली नव्हती गं. मी तिला सोडून आले."

मग मागे लाइन असताना, तिथेच उभ्या उभ्या, त्यांनी सांगितलं.

सहलीला दोन-दोन मुलींनी हात धरून चालायचं. घाईत बाई डोकी मोजत नाहीत, जोड्या मोजतात. त्या दिवशी त्यांनी जोड्या मोजल्या. एकोणीस. बरोबर भरल्या.

आई जोडीत नव्हती. तिचा हात धरायला एकही मुलगी तयार झाली नव्हती.

आमच्या घरच्यांनी बौद्ध दीक्षा घ्यायच्या आधीची ही गोष्ट. जात शाळेच्या दाखल्यावर होती आणि वर्गाला तोंडपाठ होती.

"रडारड नको म्हणून मी तिला म्हटलं, तू आपली शेवटी चाल," बाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांची होते मी. मला वाटलं, काय छान मार्ग काढला."

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, लंचच्या आत होईल का?"

बाईंनी सही केली. "मला भेटव तिला. माफी मागायचीय. फार वेळ नाही घेणार."

मी हो म्हटलं.

त्यानंतर त्यांचे तीन फोन आले.

पहिल्यांदा मी म्हटलं, आईला सर्दी आहे. खरंच होती.

दुसऱ्यांदा म्हटलं, आई गावाला गेलीय. आई समोर मेथी निवडत बसली होती.

तिसऱ्यांदा म्हटलं, बघते.

आईने ती गोष्ट आम्हा मुलांसाठी इतकी छान करून ठेवलीय. आता या वयात कुणी येऊन माफी मागणार, म्हणजे ती मोडणार. मी आईला जपत होते. डायरीत तसंच लिहिलंय. आज ते पान काढून वाचलं.

त्याच्याखाली अजून एक ओळ आहे. 'बाईंना हलकं का वाटू द्यायचं?'

तीही माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. टीव्ही चालू होता.

"मग मला का नाही बोललीस?"

"तुला वाईट वाटलं असतं. ते, कुणी हात न धरल्याचं."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"अगो, मी होते ना तिथे."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अजून काय म्हणाल्या?"

"शेवटच्या फोनवर म्हणाल्या, त्या पोरींचं सोड. माझा स्वतःचा हात तर मोकळा होता."

आईने टीव्ही बंद केला.

"असं म्हणाल्या?"

"हो."

"स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

तिने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणायचं होतंस गो. चहा ठेवला असता. घेतात का बघितलं असतं."

हसली, असं मला वाटलं. खात्री नाही.

माफ करायचं की नाही, ते आईने ठरवायचं होतं. मी मध्ये उभी राहिले आणि दोघींच्या वतीने ठरवून टाकलं. हे कळतंय. पण लिहितानाही आत काही हलत नाहीये, आणि ते का, तेही कळत नाहीये.

हे इथे सगळ्यांसमोर लिहू का, असं आईला विचारलं. या वेळी विचारलं.

"लिही," ती म्हणाली. "पण माझा नमस्कार वेगळा लिही. तुझ्यात घालू नको."

सोमणबाई, माझा तुम्हाला अखेरचा नमस्कार.

आणि कमलचा. वेगळा.