आत्याचं नाक

अचाट शक्तीच्या माणसांचे सिनेमे माझा मुलगा रोज बघतो, आणि त्याच्या शेजारी बसून मी चिडतो. पुलावरून कोसळणारी बस सिनेमातला नायक बिचारा एका हातानं धरतो, आणि आतली माणसं उतरल्या उतरल्या पहिला दगड त्यालाच मारतात. “कृतघ्न लेकाचे!” मी टीव्हीवर ओरडतो. तशी एक शक्ती आमच्याही घराण्यात आहे. मुरगूडच्या आत्याचं नाक.

सकाळचं दूध संध्याकाळी नासणार, हे तिला उंबऱ्यातूनच कळतं. चुलतभावाच्या मुलाच्या जावळाला पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याजवळून जाताना ती थबकली. “रस्सा आंबलाय. कुणी खाऊ नगासा.” सगळे हसले आणि वर चार-चार वाट्या ओरपल्या. दिवस मावळायच्या आत निम्मी भावकी परसाकडं पळत होती. निकाल लागला तो असा, की रस्सा चांगलाच होता, आत्याच्या तोंडानं बाधला. तेव्हापासून तिला कार्याचं बोलावणं जायचं, पण “जेवणं उरकल्यावर ये” असं.

गेल्या मे महिन्यात माझ्या कोल्हापुरातल्या फ्लॅटची वास्तुशांती झाली. मी पडलो मोठ्या मनाचा. फोन केला.

“आत्या, पंगतीलाच ये. तेवढं जेवणाबद्दल कायबी बोलू नको.”

“न्हाय बोलत की बाबा!” तिला इतका आनंद झाला, की मला माझंच कौतुक वाटलं.

ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली. बासुंदी वाढली तेव्हा अख्ख्या पंगतीचे डोळे तिच्या नाकावर होते. तिनं वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि पुन्हा पुढं केली. “झकास झालीया!” तिच्या नाकाला नावं ठेवणारेही त्या नाकाचा शिक्का मानतात. पावणे बासुंदीवर तुटून पडले. मीही तीन वाट्या घेतल्या.

चार वाजता नव्या फ्लॅटच्या दोन्ही संडासांपुढं रांग होती. दिवेलागणीला मी आणि आत्या एकाच चटईवर आडवे पडलो होतो.

“तुला वास आला न्हाय?”

“जिन्यातच आलता.”

“मग खाल्लीस कशाला?”

“सा वर्सांनी कुणीतरी पंगतीला बसवलंतं. बोललो असतो तर परत बोलवलं असतंस व्हय?”

मला लाज वाटली. टीव्हीतल्या गर्दीला शिव्या देणं फार सोपं होतं. मी साखर-मिठाच्या पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. सवयीनं तिनं तो आधी नाकाशी नेला, मग माझ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं तोंडाला लावायला गेली.

“घे की वास,” मी म्हणालो. “आणि सांग.”

तिनं लांब श्वास ओढला. “पाणी कालचं हाय.”

मी पोट धरून उठलो आणि तांब्या ओतून आलो.