शिकागोला पोचेपर्यंतचा केर

आमच्या घरात गावाला निघालेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत केर काढत नाहीत. सासऱ्यांचा हा नियम. अणदूरहून माणसं जाऊन जाऊन जायची ती सोलापूरला, नाहीतर लातूरला, त्यामुळे दोन-तीन तास घर पारोसं राहिलं तरी मी चालवून घेत असे. पण यंदा पावसाळ्यात लेक शिकायला शिकागोला निघाली.

"किती लांब हाय?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना मी मामा म्हणते.

हैदराबादहून विमानाचंच अंतर चौदा हजार किलोमीटर. मधे जर्मनीत विमान बदलायचं, तिथं ताटकळायचं, आणि त्याआधी हैदराबादपर्यंत गाडीनं जायचं. सगळं मिळून दीड दिवस धरा, असं लेकीनं सांगितलं. वर विचारलं, "आजोबा, विमानाला आपला झाडू दिसतो का हो?"

"विमानाला न्हाय दिसत. मला दिसतो," मामा म्हणाले.

निरोपाला सगळी गल्ली लोटली होती. तिची गाडी वळली तेव्हा बैठकीत शेंगांची टरफलं, चिवडा आणि तिच्या हातावर दही-साखर देताना सांडलेली साखर. मला घरात काडी पडलेली चालत नाही. संध्याकाळपर्यंत साखरेला मुंग्या लागल्या. नवरा तिला विमानतळावर सोडून सकाळी परतला, तो चिखलाच्या बुटांनी थेट आत. "तसंही झाडायचं नाहीये ना," म्हणाला. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

दुपारी जर्मनीहून लेकीचा फोन आला, निम्मं अंतर झालं म्हणून. मुंग्या आता देवघराकडे निघाल्या होत्या. माझा चेहरा बघून मामा नरमले.

"निम्मी वाट झाली न्हवं? मग निम्मं घर झाड. माझी काय ना न्हाय."

मी लगेच झाडू उचलला आणि हात काही चालेना. लग्न झाल्यापासून मी या खुळाला नावं ठेवत आले, पण पुढचं निम्मं समुद्रावरून होतं आणि मला सरळ भीती वाटत होती. झाडू परत दारामागे ठेवला.

"राहू द्या, मामा. आज कुणी यायचं नाहीये."

मामा उठले. टरफलं ओलांडून अंगणात गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडताना लेकीचा फोन आला. ती पोचली होती, भाड्याच्या खोलीत होती. मी फोन कानाला लावूनच झाडू घेतला.

"मम्मी, इथं लई केर आहे गं," ती म्हणाली.

"मग झाडून घे की."

"आधी इथं हैदराबादची मुलगी राहायची. आज सकाळीच घरी निघाली म्हणे. ती पोचू दे. मग झाडते."

इतका आनंद मला तिचा व्हिसा आला तेव्हाही झाला नव्हता. फोन ठेवला आणि मामांना सांगितलं.

"तिथनं हैदराबाद किती लांब?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच, मामा."

"मग बसू दे तिला दीड दिवस केरात," असं म्हणून त्यांनी खाटेवर पाय वर घेतले, आणि मी खाटेखालून झाडायला सुरुवात केली.