मिनिटाला मिनिट जुळलेली भरती

१९९३ची दिवाळी झाली आणि कॉलेजात कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली. सगळ्या वर्गाने मागच्या वर्षीच्या पोरांचा लायब्ररीवरचा प्रोजेक्ट उतरवायला घेतला. चेंदणी कोळीवाड्यातल्या शेवंतीने मात्र हट्टाने खाडीची भरती घेतली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते निघतं, हा तिच्या बापाचा, गोमाजीचा हिशेब. तोच तिने प्रोग्रॅममध्ये घातला आणि पडताळायला बापालाच बजावलं, "बाबा, पाणी कधी चढलं ते रोज बघून सांगायचं."

गोमाजी रोज सकाळी सातला डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी न चुकता वेळ सांगायचा. पाच महिने आकडे मिनिटाला मिनिट जुळले. पोरगी हवेत होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी वेळांची वही चाळली आणि विचारलं, "पाणी असं घड्याळ लावून येतं होय? बघितलं कोणी?"

घरी येऊन ती बापावर उखडली. गोमाजीने मान खाली घातली. "खाडीत गाळाशिवाय आहे काय? दिवाळीलाच होडी मोडीत काढली. वागळे इस्टेटला कारखान्यात वॉचमन लागलोय. वेळ तिथी मोजून सांगायचो."

रोज सातला! भरती बघून निघणारा माणूस रोज एकाच वेळी कसा निघेल, हे त्या भरतीवाल्या पोरीला एकदाही सुचलं नव्हतं.

"मग बोलला का नाय मला?"

"खाडीचं विचारणारी तू एकटीच उरलेलीस, पोरी. तुला काय सांगणार?"