कानसरावांचा अकरावा ठसा

कानसराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तीस वर्षं चौकात बसून किल्ल्या घासल्या, हातातली कानस सुटली नाही, म्हणून लोकांनीच बारसं उरकलं. माणूस सरळ. फक्त कुणाच्या घराचं कुलूप का बदललं हे त्यांना पक्कं ठाऊक असे, आणि ते त्यांच्या पोटात राहत नसे.

जावयानं बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपांची कंपनी काढली आणि सासऱ्यांना विक्रीवर घेतलं. दोन वर्षांत कानसरावांनी तीन कुलपं विकली. त्यातलं एक विहीणबाईंना, म्हणजे जावयाच्याच आईला. तेव्हा जावई अत्यंत आदरानं म्हणाला, की बाबा, आता घरी आराम करा. आराम म्हणजे बायकोच्या नजरेखाली दिवसभर लसूण सोलणं, हे कानसराव जाणून होते. त्यांनी एक शेवटची संधी मागून घेतली. नेमकी परदेशातल्या एका मोठ्या बेकरीकडून चौकशी आली होती, आणि पासपोर्ट तयार असलेला माणूस कंपनीत एवढाच होता.

नमुन्याचं कुलूप कोरं होतं. पहिला ठसा ज्याचा, तो त्या कुलपाचा धनी. बाकीच्यांचे ठसे त्यानं उघडून दिल्यावर घ्यायचे. हॉटेलच्या खोलीत कानसरावांनी अंगठा टेकवला. लाल दिवा. मग एकेक करून दहाही बोटं टेकवली, दहाही वेळा लाल. तीस वर्षांत किल्ल्यांबरोबर बोटंही घासून गुळगुळीत झाली होती. ऑफिसात हे कधी उघडकीला आलं नाही, कारण तिथं दार उघडायला सासरेबुवांच्या पुढे नेहमी कुणीतरी धावे. कानसराव पलंगावर हताश बसले, आणि त्यांची नजर स्वतःच्या पायाकडे गेली. पायाचा अंगठा टेकवला मात्र, हिरवा दिवा लागला.

बेकरीची मालकीण हाताची घडी घालून उभी होती. मागे दहा-बारा कारागीर, कोपरापर्यंत कणकेत माखलेले. शेजारी दुभाषीबाई, ती आपल्याकडचीच, लग्न होऊन तिकडे गेलेली. तिनं सांगितलं, की लोणी-बदामाच्या खोलीला गेल्या वर्षी असंच एक कुलूप लावलं होतं. आठवड्यात त्याच्या काचेवर पीठ थापलं गेलं, ते बंद पडलं, आणि तेव्हापासून लोणी स्वतःच्या पायांनी बाहेर जातंय.

कानसरावांनी भाषण सुरू केलं. सुरक्षितता, विश्वास, घराण्याची अब्रू, आणि मधेच चौकातल्या एका वकिलाच्या तिजोरीची हकीकतही.

"काका," दुभाषीबाई हळूच म्हणाली, "त्या म्हणतायत, पुरे. उघडून दाखवा."

कानसरावांनी मान खाली घातली. कुलूप फरशीवर ठेवलं, बूट काढला, मोजा काढला, मोजा घडी करून खिशात ठेवला आणि अंगठा टेकवला. खटकन कडी मागे सरली. कानसराव माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात दोन हातांवर दोन ट्रे तोललेला बुजुर्ग भटारी काहीतरी बोलला.

"ते विचारतायत, दोन्ही हात भरलेले असले तरी चालतं ना?"

कानसरावांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. सगळे बाहेरचे जोडे दारात काढून उघड्या सपाता घालून वावरत होते. हात माखलेले, पाय लख्ख. कानसरावांनी माफी गिळली.

"त्यासाठीच तर केलंय," ते म्हणाले.

चोवीस कुलपांची ऑर्डर मिळाली. अट एकच, सगळी जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवायची. फोनवर जावयानं उंची दोनदा विचारून घेतली. मग त्यानं विचारलं, की बाबा, असं कुणी वापरतं का? कानसराव म्हणाले, जगभर वापरतात, आपणच मागे आहोत. त्यावर जावयानं आरामाचा विषय सोडला आणि ठसे नोंदवायला त्यांना आणखी पंधरा दिवस तिथंच थांबायला सांगितलं.

तर कानसराव छोट्या पाटावर बसून परक्या माणसांचे पाय मांडीवर घेत होते, पुसत होते, अंगठा नीट टेकवत होते. हौसेनं त्यांनी एक फोटो घरी पाठवला.

बायकोचा लगेच फोन आला. "लग्नाला एकतीस वर्षं झाली," ती म्हणाली, "माझे कधी चेपलेत का?"

"तू कधी ऑर्डर दिलीस?" कानसराव म्हणाले, आणि पुढचा पाय मांडीवर घेतला.