आभारी आहोत

विलासच्या कम्प्युटरच्या पडद्यावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा कायम लावलेला असे. स्पर्धकांची नावं जिथे दिसत, नेमका तिथे. "नाव वाचलं का आडनाव कळतं, आडनाव कळलं का कान बिघडतो," असं म्हणायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा.

आमचा इंटरनेट रेडिओ म्हणजे शहापुरात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी बंद असेल तेव्हाच आमचं ध्वनिमुद्रण. मालकांना सगळे नाना म्हणत. नानांनी नवा निवेदक शोधायला स्पर्धा काढली: आपला आवाज पाठवा, लोक वेबसाइटवर मतं देतील, जिंकेल त्याला सकाळचा कार्यक्रम. मी ध्वनिमुद्रणं कापून-जोडून कार्यक्रम तयार करायचो, वेबसाइट विलास सांभाळायचा. भातसानगरच्या कॉलनीत वाढलेला, वडील धरणावर कामाला. माणसांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. "मशीनला तोंड दिसत नाय रे, म्हणून ती खरी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एका फोनवरून एकच मत, हा नियम त्याचा. वर एक चलाखीही त्याचीच. त्याच फोनवरून कुणी पुन्हा बटण दाबलं, तरी पडद्यावर 'मत मिळालं, आभारी आहोत' असंच उमटायचं. मोजलं मात्र जायचं नाही. "चोराला कळूच द्यायचं नाय का तो पकडला गेला. बसू दे दाबत," असं सांगताना स्वारी भलतीच खूश होती.

मग कमलचा आवाज आला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली मुलगी. कुणाची चूल आधी पेटली, कोण मोहाची फुलं वेचायला निघालं, कुणाचा कोंबडा उगाच ओरडतोय, असं वाडीची सकाळ ती वाडीच्याच बोलीत सांगत होती. विलासने ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि पहिल्यांदाच पट्टी सोलून नाव वाचलं. "सकाळी हीच पायजे," एवढंच म्हणाला.

निकालात कमल पार तळाला. जिंकली ती आमच्या जाहिरातदाराची भाची. मामांचा प्लॉट विकायचा धंदा. त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाने साहेबांच्या धाकाने आपापल्या फोनवरून मत दिलं होतं. नियमात चोख बसणारी मतं! कमलची मतं मात्र जवळजवळ सगळी एकाच फोनवरून आलेली, म्हणून बाद. विलास संतापला. "हिनंपण चोरीच केली?" म्हणत जाब विचारायला निघाला. मीही त्याच्या गाडीवर मागे बसलो.

वाडीत नेटचा फोन एकच होता, कमलच्या भावाचा. रेंज फक्त वरच्या टेपाडावर. सगळी वाडी तिथे चढून गेली होती, एकेकाने आपलं बोट लावलं होतं. कुणी दोनदा लावू नये म्हणून कमल स्वतः शेजारी उभी राहिली होती. हे सगळं तिच्या आईने आम्हाला कौतुकाने सांगितलं, चहा दिला, आणि विचारलं, "मंग कधीपासून बोलायचं हिनं रेडिओवर?"

विलासने खाली मान घालून निकाल सांगितला, नियमही सांगितला. कमल उठून आत गेली. तिची आई मात्र त्याच्याकडे बघतच राहिली.

"पन दादा, बोट लावलं तवा दर खेपेला आभार मानले ना? पोरानं वाचून दावलं आमाला. मंग ते कोनाचे मानले?"

चहा तसाच राहिला. विलास उठून गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो नानांना म्हणाला, "ती खरी माणसं हायत. मोजा त्यांना." नाना शांतपणे म्हणाले, "मशीनला तोंड दिसत नाही, तूच म्हणतोस ना?" विलासने त्याच दिवशी काम सोडलं. जाण्यापूर्वी त्याने ते आभार काढून तिथे लिहिलं, 'तुमचं मत मोजलेलं नाही.' नानांनी ते संध्याकाळच्या आत बदलून घेतलं. विलास आता कॉलनीत पंप दुरुस्त करतो. माझा फोन उचलत नाही.

भाचीबाईंना पहाटे उठवेना. सकाळी आता नुसती गाणी लागतात. मी अजून तिथेच आहे, पोट आहे. नानांचा राग येतो, पण विलासच्या त्या चलाखीचा त्याहून जास्त येतो.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. काल मी माझ्या फोनवरून बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं.

'मत मिळालं, आभारी आहोत.'