अनुभवाचं लेटर

सिहोऱ्याबाहेर भय्याजींची उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या तांदळाची मिल आहे. तिच्या ऑफिसात, गादीच्या वरच्या भिंतीवर, अमरचं बॉयलर चालवण्याचं सरकारी सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं होतं. वर अमरचा टाय घातलेला फोटो. परसराम ऑफिसात गेला की त्या फ्रेमकडे बघायचा आणि म्हणायचा, "भय्याजी, फोटोले हार घाला ना. बॉयलरवर त पोरगं दिसतच नाही, वाटते गेलं बिचारं."

भय्याजी हसायचे. हसणं परवडत होतं त्यांना. अमर त्यांचा सख्खा पुतण्या, शहापूरकडच्या कॉलेजातून चार वर्षांचं इंजिनियरिंग सहा वर्षांत केलेला. राहायला नागपुरात. महिन्यातून एकदा मोटारीनं यायचा, बॉयलरच्या रजिस्टरात तीस दिवसांच्या सह्या एका बैठकीत ठोकायचा आणि पांढऱ्या बुटाला कोंडा लागू नये म्हणून टाचांवर चालत परत जायचा. बॉयलर पेटवायचा, सांभाळायचा आणि विझवायचा तो परसराम. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या साली तो इथे लागला, तेव्हापासून अठरा वर्षं. आधी भिंतीवर तुमसरच्या एका म्हाताऱ्याचं सर्टिफिकेट होतं, आता अमरचं आलं. भट्टीत कोंडा लोटणारा माणूस तोच राहिला.

आणि काम परसरामचंच होतं, यात वादच नको. वाफ कमी पडली तर दाणा भरडताना तुटतो, जास्त झाली तर तांदूळ पिवळा पडतो. परसराम दाबाच्या घड्याळाच्या काट्याआधी वाफेचा आवाज ऐकायचा. पंप कुरकुरला की जेवणावरून उठायचा. आठवी पास होता, पण शिकलेल्यांबद्दल त्याला काडीचाही आदर नव्हता. "कागद भट्टीत टाकला त वाफ होते का?" असं तो पानठेल्यावर विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता थुंकायचा.

वर्षातून एकदा बॉयलर खात्याचे साहेब तपासणीला यायचे. त्या दिवसाची एक रीतच पडून गेली होती. सकाळीच अमर नागपूरहून यायचा, डोक्यावर पिवळी टोपी, हातात कोरे मोजे. परसराम खांद्यावर दुपट्टा टाकून हमालांत जाऊन उभा राहायचा आणि साहेब जाईपर्यंत धानाचे कट्टे उचलायचा. साहेबांनी प्रश्न विचारले तर उत्तरं भय्याजी द्यायचे, नाश्त्याच्या बशीसकट. साहेब गेले की कोंबडं कापलं जायचं. तर्री ओरपता ओरपता परसराम साहेबांच्या चालण्याची नक्कल करायचा आणि सगळी मिल पोट धरून हसायची. सरकारला कसं उल्लू बनवलं, याची त्याला भय्याजींपेक्षाही जास्त मजा वाटायची. मूर्ख माणूस. पण हे त्याला कळायला अठरा वर्षं लागली.

झालं असं की अमरला आखातात, मसकतला जायचं होतं. तिथल्या एका तेल गाळायच्या कारखान्याला बॉयलर इंजिनियर हवा होता. अमरनं यादीच आणली होती, ती तो ऑफिसात मोठ्यानं वाचायचा. डिग्रीवर आधी मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचा, मग त्यांच्या वकिलातीचा. भंडाऱ्याहून पोलिसांचा दाखला, की या माणसावर गुन्हा नाही. छातीचा फोटो, रक्ताची तपासणी. पांढऱ्या पडद्यासमोरचा फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनुभवाचं लेटर, मिलच्या लेटरहेडवर, काय काम केलं ते एकेक लिहून.

"काय लिवलं गा त्याच्यात?" परसरामनं विचारलं.

अमरनं वाचून दाखवलं. रोज बॉयलर पेटवणे. पाण्याची पातळी राखणे. वाफेचा दाब सांभाळणे. पंपाची दुरुस्ती. पाच वर्षं.

परसराम हसून हसून खाली बसला. "अमरबाबू, हे त माहीच जिंदगी हाय. तुमी फक्त खाली नाव बदलवलं."

अमरला ते लागलं नाही. असल्या माणसांना काही लागत नाही. तो म्हणाला, "परसरामभाऊ, परवा मोबाईलवर मुलाखत आहे, बॉयलरसमोर उभं राहून. तुमी बाजूले उभे राहा, कॅमेऱ्यात दिसू नका. अडलो त हळूच सांगा." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, आणि तोही मागून आणलेला. पण परसराम तयार झाला. तमाशा फुकट होता, कोण सोडणार?

मुलाखत घेणारा कारखान्याचा मोठा इंजिनियर होता, केरळातला, हिंदी मोडकी पण डोकं शाबूत. त्यानं अमरला डिग्रीबद्दल एक शब्द विचारला नाही. मोबाईल पाण्याच्या काचेकडे वळवायला सांगितला. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते या काचेच्या नळीत दिसतं, बॉयलरवाल्याचा सगळा जीव तिच्यात असतो.

"पानी आधा दिखता है," तो म्हणाला. "सच्चा है कि झूठा, कैसे मालूम करेगा?"

अमरनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून परसरामकडे बघितलं. घाम त्याच्या कॉलरमध्ये शिरला. नळीचं तोंड गाळानं बुजलं तर आत पाणी संपलं तरी काचेत अर्धं दिसत राहतं आणि बॉयलर फुटतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सहा वर्षं सांगितलं असेल, त्यानं ऐकलं नव्हतं. परसरामला ते बघवेना. त्यानं अमरला कोपरानं बाजूला सारलं, काचेखालची चावी, म्हणजे तोटी, उघडून काच धुतली, तोटी बंद केली. पाणी झपकन वर येऊन पुन्हा अर्ध्यावर थांबलं.

"सच्चा हाय, साब," तो म्हणाला.

मोबाईलमधल्या माणसानं कॅमेरा परसरामकडे वळवायला सांगितला. मग म्हणाला, "भाई, तुम कौन है? कितना साल चलाया?" आणि पुढे म्हणाला की इंजिनियर त्याला दुसरा मिळेल, पण बॉयलरच्या चांगल्या ऑपरेटरचीही जागा आहे, तिला डिग्री लागत नाही. पासपोर्ट काढ, आणि अठरा वर्षं बॉयलर चालवल्याचा एखादा पक्का कागद पाठव. बाकी तो बघेल.

परसराम घरी गेला तो जमिनीवरून चालत नव्हता. पैसा तिप्पट होता, पण गोष्ट पैशाची नव्हती. त्याच्या कामाला आजवर कुणी नाव दिलं नव्हतं. त्या माणसानं ऑपरेटर म्हटलं. हा शब्द त्यानं बायकोला, कुंताबाईला, तीनदा ऐकवला. कुंताबाईनं भाकरी उलटली आणि विचारलं, "मंग कागद कोन देईन जी?"

"भय्याजी देईन. त्याईच्या बापाचं काय जाते?"

भय्याजींनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि हजेरीचं मस्टर काढलं. अठरा वर्षांची अठरा मस्टरं, लाल कापडात बांधलेली. "पाहून घे," ते म्हणाले. प्रत्येक पानावर तेच लिहिलेलं होतं. परसराम, हमाल. आणि शेजारी त्याचीच सही, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली, ऐटबाज.

"तू बॉयलर चालवला असं मी लिवून देलं," भय्याजी म्हणाले, "त मंग अमर काय करत होता? मले जेलात पाठवतं का बे? हमालीचं लेटर पाह्यजे असन त आत्ता देतो."

ज्या माणसानं पुतण्याला न केलेल्या कामाचं लेटर हसत हसत दिलं होतं, त्याला खऱ्या कामाचं लेटर लिहिताना कायदा आठवला. वर चहाही पाजला. परसरामला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकला नाही, बाहेर आला.

घरी त्यानं भय्याजींच्या सात पिढ्या उद्धारल्या. कुंताबाईनं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "त्याईनं लिवलं त खरं. पन सही करतानी तुमाले वाचता येत नव्हतं का जी?"

वाचता येत होतं. दर महिन्याला त्यानं 'हमाल' वाचलं होतं आणि गालात हसून सही केली होती, कारण त्याला वाटायचं की आपण सरकारला बनवतोय. त्या रात्री त्याला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. अमर निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलत होता. हा दुसऱ्याच्या फायद्यासाठी बोलला, आणि वर कोंबडीच्या रश्श्यावर खूश राहिला.

दोन महिन्यांनी तपासणी आली. जुने साहेब बदलून गेले होते, नव्या मॅडम आल्या होत्या. नाश्ता त्यांनी दारातच परत पाठवला. अमर पिवळी टोपी घालून उभा होता. मसकतवाल्यांनी त्याला नाकारलं होतं, तरी ऐट तीच. परसराम नेहमीसारखा हमालांत उभा राहिला. ठरवून काही आला नव्हता तो, खरं म्हणजे पुढे होण्याची त्याची हिंमत संपली होती.

मॅडम म्हणाल्या, "काच धुऊन दाखवा."

एकदा तोंडघशी पडलेला माणूस निदान तेवढं तरी शिकतो. अमर तेवढंही शिकला नव्हता. त्यानं भलतीच चावी फिरवली. फस्सकन वाफ सुटली, अमर टोपी टाकून दारापर्यंत पळाला, भय्याजी त्याच्याही पुढे. मॅडम वाफेपासून चार हातांवर होत्या. परसरामनं पाठीवरचा कट्टा टाकला, दुपट्टा हाताला गुंडाळला आणि वाफेत हात घालून चावी बंद केली. मग दुसरी उघडून काच धुतली. सवयच ती.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"हमाल आहे मॅडम," भय्याजी दारातूनच ओरडले. "मस्टर पाहा, मस्टर!"

परसरामनं त्यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं तो माणूस दाराच्या फळीमागे लपून त्याला हमाल ठरवत होता. त्याला राग आला नाही, नुसती शिसारी आली.

"हमाल मी मस्टरवर हावो, मॅडम," तो म्हणाला. "बॉयलर मीच चालवून राहिलो. अठरा वर्सं झाले. ते पोरगं फक्त सही कराले येते."

मॅडमनी तिथेच खुर्ची मागवली आणि लिहायला घेतलं. भय्याजींनी हात जोडले, परसरामला शिव्या दिल्या, परत हात जोडले. बॉयलर विझवायचा हुकूम झाला. लिहून झाल्यावर मॅडमनी जबाब वाचून दाखवला: सदर बॉयलर परसराम हा इसम गेली अठरा वर्षे विनापरवाना एकटाच चालवीत असून, पाण्याची पातळी राखणे, दाब सांभाळणे व पंपाची दुरुस्ती ही सर्व कामे तोच करीत असल्याचे आढळून आले.

"हे कबूल असेल तर सही करा," त्या म्हणाल्या. "पण समजून करा. तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. नोकरी तर गेलीच."

परसरामनं कागद हातात घेतला. या वेळी त्यानं सगळा वाचला, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग शेपटी न काढता सही केली.

"मॅडम," तो म्हणाला, "याची एक झेरॉक्स भेटन का?"

"कशाला? गुन्ह्याचा कागद आहे हा."

"असू द्या जी," भाजलेला हात दुपट्ट्यात धरत परसराम म्हणाला. "मसकतले पाठवाचा हाय."